मुंबईला पाणी आणणारा अभियंता : हेन्री कॉनिबेअर



विषय निवडायची मोकळीक आयोजकांनी दिली, म्हणून आज मी नगरपालिकेच्या एका अभियंत्याबद्दल बोलणार आहे. त्याचे नाव हेन्री कॉनिबेअर. मुंबईच्या नळांना पहिल्यांदा जे पाणी आले ते विहार तलावाचे, आणि विहारचा आराखडा या माणसाचा. १८५६ साली काम सुरू झाले, १८६० साली पूर्ण झाले. त्याला आता दीडशेच्या वर वर्षे होऊन गेली. विहारचे पाणी अजून मुंबई पिते आहे.

मुंबईचा इतिहास सांगताना आपण गव्हर्नरांची नावे घेतो, शेठियांची घेतो, पुढाऱ्यांची घेतो. घ्यायलाच हवीत. पण शहर रोज सकाळी उठून चालू लागते ते कोणाच्या जिवावर? इंजिनिअर, मुकादम, नळ दुरुस्त करणारा, चावी फिरवून वस्तीला पाणी सोडणारा चावीवाला, गटारात उतरणारा कामगार. यांचा इतिहास लिहायला आपण उशीर केला. स्मृतिव्याख्यानासारख्या प्रसंगी तो थोडा तरी सांगावा, या इच्छेने मी उभा आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकायला सोपे जाईल. शहरात पाणी आणले की पाण्याचे काम निम्मे झाले. आलेले पाणी सगळ्यांच्या घरी पोचले पाहिजे, आणि वापरलेले पाणी शहराबाहेर नीट गेले पाहिजे. तेव्हा ते पुरे झाले असे म्हणायचे. कॉनिबेअरच्या योजनेने पहिले निम्मे काम उत्तम झाले. उरलेले निम्मे पुढच्या पिढ्यांवर पडले, आणि ते अजून संपलेले नाही. याच क्रमाने मी चार मुद्दे मांडतो. विहारच्या आधीची मुंबई. कॉनिबेअर आणि त्याची योजना. पाणी आल्यावर जे घडले ते. आणि या सगळ्यातून आपण काय घ्यायचे ते.

पहिला मुद्दा. नळ येण्यापूर्वी मुंबई पाणी कुठले पीत होती?

विहिरींचे आणि तलावांचे. सी. पी. टँक, गोवालिया टँक, बाबुला टँक, धोबी तलाव, दोन टाकी ही नावे आपण आजही बसच्या पाटीवर वाचतो. हे तलाव बहुतेक दानधर्मातून झाले. विहीर बांधणे, तलाव खोदणे, पाणपोई घालणे हे पुण्यकर्म होते, आणि ते हिंदूंनी केले, पारशांनी केले, मुसलमानांनी केले. फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेठियांनी मुगभाटातल्या आपल्या बागेत विहिरी खोदल्या, त्यांवर वाफेचे यंत्र बसवले आणि ते पाणी धोबी तलावापर्यंत पोचवले. सरकारने करायचे काम एका नागरिकाने आपल्या खिशातून केले. त्यांचे नाव आज आपण आदराने घेतले पाहिजे.

पण दानाला एक मर्यादा असते. दाता आपल्या वाडीजवळ विहीर खोदतो. शहराच्या पलीकडच्या टोकाला कोण राहते याचा हिशेब त्याने का ठेवावा? शिवाय मुंबई हे बेट. चहूकडे समुद्र. विहीर खोल न्यावी तर मचूळ पाणी लागते. उथळ ठेवावी तर चैत्र-वैशाखात तळ दिसतो. श्रीमंतांच्या घरी भिस्ती पखाल घेऊन येई. गरिबाच्या घरची बाई पहाटे घागर घेऊन विहिरीवर जाई आणि पाणी झिरपून वर येईपर्यंत काठावर बसून राही. जिथे कपडे धुतले जात, गुरे पाणी पीत, तिथूनच पुष्कळांना पिण्याचे पाणी भरावे लागे. पटकीची साथ आली की ती अशाच पाण्यातून घरोघर जाई, पण हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका हातपंपाचा आणि पटकीचा संबंध दाखवला तो १८५४ साली, आणि तोही वैद्यकाने लगेच मान्य केला नाही.

आणि त्याच १८५४ साली मुंबईत पाऊस ओढ देऊन गेला. विहिरी आटल्या. गुरे शहराबाहेर हलवावी लागली, होड्यांतून पाणी आणावे लागले, नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीनेही पाणी वाहिले. विचार करा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली तेव्हा लोकांनी तिला विज्ञानाचा चमत्कार म्हटले, आणि वर्ष-दोन वर्षांत तीच गाडी तहानलेल्या शहराला पाणी पोचवू लागली! १८४९ च्या मोजणीत मुंबईची वस्ती ५,६६,११९ भरली होती. एवढी माणसे दानधर्माच्या विहिरींवर जगू शकत नाहीत, हे त्या उन्हाळ्याने सरकारला शिकवले.

आता दुसरा मुद्दा : हा कॉनिबेअर कोण, आणि त्याने काय केले?

हेन्री कॉनिबेअर हा विल्यम डॅनियल कॉनिबेअर या नामांकित इंग्रज भूशास्त्रज्ञाचा मुलगा. वडील धर्मगुरू होते आणि खडकांचे अभ्यासकही. मुलगा इंजिनिअर होऊन मुंबईला आला. त्या काळी मुंबईत आजच्यासारखी महानगरपालिका नव्हती. १८४५ च्या कायद्याने ‘बोर्ड ऑफ कॉन्झर्व्हन्सी’ नावाचे एक मंडळ नेमले होते. रस्ते, झाडलोट, गटारे, दिवाबत्ती हे त्याचे काम. कॉनिबेअर या मंडळाचा ‘सुपरिंटेंडंट ऑफ रिपेअर्स’, म्हणजे दुरुस्त्यांचा अधीक्षक. हुद्दा साधा, पगार सरकारी, आणि काम मात्र साऱ्या शहराचे.

मुंबईकरांना त्याची एक वास्तू चांगली परिचयाची आहे. कुलाब्याचे अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचे ते स्मारक. त्याची रचना कॉनिबेअरची. १८५८ साली ते उपासनेसाठी खुले झाले. म्हणजे हा माणूस दगडात सौंदर्य घडवू शकत होता. पण मला विचाराल तर त्याची खरी कर्तबगारी चर्चच्या कमानीत शोधू नका, त्याच्या अहवालात शोधा. मुंबईच्या आरोग्यस्थितीवर त्याने १८५० च्या दशकाच्या आरंभी एक मोठा अहवाल लिहिला, आणि १८५५ साली तो सरकारी कागदपत्रांच्या मालिकेत छापला गेला. रस्ते, गटारे, मैला, घरांची दाटी, हवा, पाणी या सगळ्यांचा त्यात एकत्र विचार आहे. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ साली श्रमिकांच्या आरोग्यावर जो गाजलेला अहवाल लिहिला होता, त्या विचाराचे वारे इथवर पोचले होते. रोगराई ही देवाची करणी म्हणून सोडून द्यायची नाही, ती घाणीतून आणि दाटीतून येते आणि इंजिनिअरच्या हातून ती कमी होऊ शकते, हा तो विचार.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तो अहवाल राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेला आहे. किल्ल्याबाहेरची देशी वस्ती ही त्या नजरेला घाणीचे आगर दिसे. ती घाण तिथल्या माणसांच्या सवयींमुळे आहे की त्यांच्याकडे रस्ते, गटारे, पाणी यांतले काहीच न पोचल्यामुळे आहे, हा प्रश्न त्या काळच्या साहेबाला फारसा पडत नसे. कॉनिबेअर त्याच काळाचा माणूस. त्याचा गौरव करताना हे आपण विसरायचे नाही. पण तेवढे म्हणून त्याला बाजूला सारणेही अन्यायाचे होईल, कारण त्याने पुढे जो उपाय मांडला तो केवळ साहेबांच्या बंगल्यांपुरता नव्हता. तो साऱ्या शहरासाठी होता.

तो उपाय काय?

शहरातच आणखी तलाव खोदा, असे पुष्कळांचे म्हणणे होते. स्वस्त होते, ओळखीचे होते. कॉनिबेअरने शहराबाहेर जायचा मार्ग धरला. बेट ओलांडा, साष्टीत जा, डोंगरात पाणी साठवा आणि नळाने आणा. किल्ल्यापासून साधारण १४ मैलांवर विहारची दरी होती. तिथून गोपर नावाची नदी वाहत होती. या दरीत इंजिनिअरला हवे ते सगळे एका ठिकाणी होते. पाऊस भरपूर. भोवती डोंगर, त्यामुळे पाणलोट बांधलेला. वस्ती विरळ, त्यामुळे पाणी घाण होण्याचा धोका कमी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दरी शहराहून उंच. पाणी उतारावरून आपल्या वजनानेच शहरात येणार. ना इंजिन, ना कोळसा, ना पंप.

पावसाचा हिशेब काय असतो ते जरा पाहू, कारण त्यातच या माणसाची बुद्धी दिसते. आपल्याकडे पाऊस चार महिने. शहराला तहान बारा महिने. म्हणजे चार महिन्यांत आठ महिन्यांची बेगमी करायची. दरीत पडणाऱ्या पावसापैकी काही जमिनीत मुरणार, काही वैशाखाच्या उन्हाने उडून जाणार, आणि एखाद्या वर्षी पाऊसच कमी पडणार. हे सगळे वजा करून उरते ते पाणी शहराचे. मृग वेळेवर लागेल या भरवशावर धरण बांधता येत नाही. मृग लांबला तरी पाणी पुरले पाहिजे, अशा बेताने ते बांधावे लागते.

दरीचे मुख्य तोंड आणि दोन सखल खिंडी अशी तीन मातीची धरणे झाली. मुख्य धरणाची उंची ८४ फूट. मातीच्या धरणाला एक भय असते. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की माती वाहून जाते आणि काही तासांत धरण फुटते. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण. जादा पाणी माथ्यावर चढण्यापूर्वीच बाजूने निघून गेले पाहिजे. या सांडव्याकडे मी नंतर पुन्हा येणार आहे, तेवढे लक्षात ठेवा.

तलावातून पाणी घेण्यासाठी एक मनोरा उभारला. हा मनोरा मोठ्या विचाराने केलेली गोष्ट आहे. तलावाचे पाणी वरपासून तळापर्यंत एकसारखे नसते. तळाशी गाळ, पृष्ठभागावर शेवाळ आणि पालापाचोळा. चांगले पाणी मधल्या थरात, आणि तलाव जसजसा उतरतो तसतसा तो थरही खाली सरकतो. म्हणून मनोऱ्याला वेगवेगळ्या पातळ्यांवर तोंडे ठेवली. आषाढात वरचे तोंड उघडायचे, फाल्गुनात खालचे. त्या दिवशी जे पाणी चांगले, तेच शहराला जाणार. तिथून ३२ इंच व्यासाच्या ओतीव लोखंडी नळाने पाणी निघाले ते मुंबईपर्यंत. हे नळ इंग्लंडमध्ये ओतले गेले आणि जहाजांतून इथे आले. मधल्या काळात १८५७ उजाडले, उत्तर हिंदुस्थान पेटला, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. विहारचे काम थांबले नाही. १८६० साली दररोज सुमारे ७० लाख गॅलन, म्हणजे आजच्या भाषेत ३ कोटी २० लाख लिटर पाणी शहराला मिळू लागले.

हे काम मोठे होते, नि:संशय मोठे होते. ज्या गृहिणीची पहाट विहिरीच्या काठावर जात होती तिच्या गल्लीच्या तोंडाशी नळकोंडाळे आले. एका पिढीच्या डोक्यावरची घागर हलकी झाली. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून भरलेल्या पाण्यातून नारू होत असे. नळाच्या पाण्याला नारू नाही. अशा उपकाराची मोजदाद कशी करायची?

कॉनिबेअर पुढे मायदेशी परतला आणि वेल्समधल्या ब्रेकन-मर्थर रेल्वेवर इंजिनिअर म्हणून त्याने काम केले. त्याची मुंबईतली गोष्ट इथे संपते. मुंबईच्या पाण्याची मात्र इथे सुरू होते.

आता तिसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पाणी आल्यावर काय झाले?

पहिली गोष्ट, पाणी अपुरे पडले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि माणसांचे लोंढे शहरात आले. १८६४ च्या शिरगणतीत वस्ती ८,१६,५६२ झाली. विहारचे सगळे पाणी सगळ्यांना सारखे वाटले असते तरी माणशी रोज चाळीस लिटरसुद्धा आले नसते. आणि सारखे वाटले कधी गेले?

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पाणी आले, पण जायला वाट नव्हती. मुंबईची रचना डोळ्यांसमोर आणा. सात बेटे आणि त्यांच्यामधली खाजणे भरून केलेली जमीन. शहराचा मधला पुष्कळ भाग भरतीच्या पाण्याहून सखल. विहारचे पाणी उतारावरून आपोआप शहरात आले. वापरून झालेल्या पाण्याला मात्र उतारच नव्हता. ओहोटीला गटारांची दारे उघडायची, भरतीला लावायची, आणि मधल्या वेळेत सगळी घाण शहरातच तुंबलेली. घागरीने मोजून पाणी वापरणाऱ्या घरात मोरीचे सांडपाणी थोडे. नळाने वापरणाऱ्या घरात ते अनेक पट. विहारमुळे शहरात जेवढे पाणी आले, तेवढीच ओल शहराच्या पोटात वाढली.

यात दोष कोणाचा? इंजिनिअरला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. आरोग्याचा विचार करणाऱ्या त्या काळच्या प्रत्येक इंजिनिअरला पाणी आणि गटार ही जोडी ठाऊक होती. पण तलाव बांधला की उद्घाटन होते, शिलालेख लागतो, गव्हर्नर येतो. गटाराचे उद्घाटन करायला कोण येतो? पैसा नेहमी जे दिसते त्याच्याकडे आधी जातो. हे तेव्हाही खरे होते, आजही खरे आहे. गटारांच्या योजना पुढे आल्या, परत गेल्या, पुन्हा आल्या. १८७० च्या सुमारास पालिकेचा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर हेक्टर टुलक याने पाणी आणि सांडपाणी या दोन्हींवर सविस्तर अहवाल लिहिले. अखेर वरळीला लव्ह ग्रोव्ह येथे सांडपाणी उपसून समुद्रात टाकायची व्यवस्था उभी राहिली. येताना पाणी फुकट आले, जाताना त्याला कोळसा जाळावा लागला. १८९६ साली मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले, तेव्हा शहराने पहिला दोष आपल्या ओलसर, कोंदट चाळींना आणि गटारांना दिला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे नंतर कळले. पण दाटी आणि घाण होती म्हणून उंदीर होते, आणि मरणारे बहुतेक त्याच चाळींतले गरीब होते, हे तर खरेच!

तिसरी गोष्ट म्हणजे घरगल्ली. दोन इमारतींच्या मधली हातभर रुंदीची फट. वरच्या मजल्यांच्या मोऱ्यांचे पाणी भिंतीवरून ओघळत तिथे पडायचे. संडासाची टोपली तिथेच असायची. पहाटे हलालखोर त्या फटीतून आत शिरायचा, टोपली उपसायचा, डोक्यावर घ्यायचा आणि लोक उठण्यापूर्वी निघून जायचा. त्याचा कर होता, हलालखोर कर, आणि तो घरमालक भरायचा. पालिकेच्या जमाखर्चात हा माणूस कराच्या नावाने नोंदला गेला. त्याला ते पाणी किती मिळाले? ज्याच्या कष्टावर शहराचे आरोग्य उभे, त्याने नळकोंडाळ्याला हात लावायचा की नाही, हे जात ठरवत होती. मुंबईहून थोडे पुढे पाहा. महात्मा फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला. तो ठराव कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. पाणीपुरवठ्याचा इतिहास इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पुरा होत नाही, तो इथे येऊन पुरा होतो.

चौथी गोष्ट पैशाची. ती थोडक्यात सांगतो. विहारचा खर्च सरकारने केला आणि पुढे तो कर्ज म्हणून पालिकेच्या माथी मारला. योजना कोणी ठरवायची आणि पैसे कोणी भरायचे, हा वाद मुंबईत सुरू झाला. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने कामे झपाट्याने केली, खर्चही तसाच केला, आणि करदाते खवळले. १८७१ च्या त्या चळवळीत तरुण फिरोजशहा मेहता बोलू लागले. १८७२ च्या कायद्याने पालिकेत निवडून आलेले सभासद आले. पाणी, गटार आणि घरपट्टी यांच्या भांडणातून मुंबईत लोकांचे राज्य थोडेसे आले, हे लक्षात घ्या.

आता चौथा मुद्दा. या सगळ्याचा वारसा काय?

कॉनिबेअरनंतर त्याच्या खुर्चीवर एकामागून एक माणसे आली. रिएन्झी वॉल्टनच्या काळात १८७९ साली तुळशीचा तलाव झाला. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर दगडी धरण झाले, दीड मैलाहून अधिक लांब आणि ११८ फूट उंच. त्याचे इंजिनिअर डब्ल्यू. जे. बी. क्लार्क, आणि १८९२ साली ते पुरे झाले. पुढे मंचेरजी मर्झबान या पारशी अभियंत्याने पालिकेची एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरची जागा भूषवली. आणि मग एन. व्ही. मोडक आले. मोडकांनी परक्या राज्यात पालिकेची नोकरी केली आणि स्वराज्यातही केली. १९४८ साली अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर त्यांनी बृहन्मुंबईचा आराखडा तयार केला, वैतरणेचे पाणी मुंबईला आणण्याचे काम तडीस नेले. वैतरणेवरच्या त्या जलाशयाला आज आपण मोडकसागर म्हणतो. विहारपासून मोडकसागरपर्यंत साधारण शंभर वर्षे. या शंभर वर्षांत साहेबाची विद्या मराठी माणसाची विद्या झाली. मला याचा अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे काही कारण नाही.

आज मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यात विहारचा वाटा सुमारे ९० दशलक्ष लिटर, म्हणजे शंभरातले दोन-तीन लिटर. कामाची थोरवी टक्क्यांत मोजली तर ती लहान वाटेल. पण डोंगरात साठवा, उतारावरून आणा, घरोघर द्या हा जो मार्ग आहे, तो विहारने घालून दिला, आणि पुढचे बहुतेक तलाव त्याच मार्गाने आले.

त्या मार्गाची दुसरी बाजूही बघा. मुंबई आपल्या विहिरी विसरली. १९११ साली डॉ. बेंटली यांचा हिवतापावरचा अहवाल आला. मुंबईच्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात, असे त्यांनी दाखवले. विहिरी झाका, बुजवा, असे पालिकेने सांगितले. लोकांनी धर्माचे कारण देऊन विरोध केला, आणि काही विहिरी झाकणात लहान झडप ठेवून वाचल्या. आरोग्यासाठी ते करणे भागच होते. पण त्यानंतर शहराने आपल्या पायाखालच्या पाण्याचा विचार सोडला, आणि तहान भागवायला आणखी लांब, आणखी लांब जात राहिले. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी येते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात, बायका झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. धरण त्यांच्या डोंगरात, पाणी आपल्या नळात. कॉनिबेअरच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपणही विचारायचा नाही का?

आणि आता त्या सांडव्याकडे येतो. विहार भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघते, पवईचे पाणी त्याला मिळते, आणि दोन्ही मिळून मिठी नदी होऊन माहीमच्या खाडीला जाते. कॉनिबेअरच्या हिशेबात त्या पाण्याला मोकळी वाट होती. आपण त्या वाटेवर भराव घातले, बांधकामे केली, कारखान्यांची घाण सोडली, नदीला नाला म्हणू लागलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेली मिठी घराघरांत शिरली, शेकडो माणसे दगावली. एवढा पाऊस आभाळाने दिला, मान्य. पण पाण्याची वाट कोणी अडवली? पाणी आणण्यात आपण दीडशे वर्षे हुशारी दाखवली. पाण्याला जाऊ देण्यात अजून दाखवलेली नाही.

शहर हे घरासारखेच असते, मंडळी. ज्या घरात पाणी भरायला सगळे धावतात आणि मोरी साफ करायला कोणीच उठत नाही, ते घर किती दिवस राहण्यासारखे राहील?

आता समारोप करतो. हेन्री कॉनिबेअरबद्दल माझा निवाडा असा. तो परक्या राज्याचा चाकर होता, आणि त्या राज्याची नजर त्याच्याही डोळ्यांत होती. तरीही त्याने स्वस्त आणि सोपा उपाय बाजूला ठेवून शहराला पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा उपाय दिला, आणि तो अचूक बांधता येईल असा दिला. नगरपालिकेच्या अभियंत्याकडून याहून मोठी अपेक्षा काय करायची? त्याचे राहून गेलेले काम हे त्याच्या एकट्याचे अपयश नाही. ज्या शहराला दिसणारी कामे आवडतात, त्या शहराचे ते अपयश आहे.

सभागृहात काही तरुण इंजिनिअर बसलेले दिसतात, काही पालिकेत नोकरी करणारेही असतील. त्यांना आणि तुम्हा सर्वांना एक विनंती आहे. यापुढे पाण्याची कोणतीही योजना तुमच्यासमोर आली की तीन प्रश्न विचारा. हे पाणी कोणाच्या डोंगरातून येते, आणि त्यांना काय मिळते? हे पाणी शेवटच्या घरी कधी पोचते? आणि वापरून झाल्यावर ते कुठे जाते, कोणाच्या हातून जाते? २०१३ च्या कायद्याने माणसाकडून मैला उचलून घेण्याला बंदी घातली आहे, तरी आजही गटारात उतरून माणसे गुदमरून मरतात. जोवर हे थांबत नाही तोवर कॉनिबेअरने सुरू केलेले काम पुरे झाले, असे मुंबईला म्हणता येणार नाही. हे तीन प्रश्न तुमच्या नगरसेवकाला विचारा, वॉर्ड ऑफिसात विचारा, निवडणुकीच्या सभेत विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.